एक फाईल म्हणते रक्त गोठत नाही, दुसरी म्हणते गुठळी झालीय. नाशिकमध्ये दाखवू कुणाला?

सिडकोची_खतावणी
४ जानेवारी २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. सिडकोत राहते, वय ३४, अंबडला एका कारखान्यात अकाउंट्स बघते. पोस्ट लांब आहे. थोडक्यात लिहून तीनदा खोडली, कारण थोडक्यात सांगितलं की समोरचा एकच तुकडा उचलतो आणि बाकीचे टेबलावरच राहतात. साडेतीन वर्षं तेच चाललंय.

प्रश्न आधी लिहिते. मला ‘अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम’ (स्वतःच्याच अँटीबॉडींमुळे रक्ताच्या गुठळ्या होतात, गर्भ जातात तो आजार) आहे की नाही हे एकदाचं नक्की करायचंय. पहिल्या तपासणीला येत्या मंगळवारी बारा आठवडे होतात. दुसरी तपासणी कुठे करायची? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, ती चालू असताना केलेली चालते का? आणि हे बघणारा डॉक्टर नेमका कोण, रक्ताचा की सांध्यांचा?

आता नोंदी, तारखेवार.

जून २०२१. पहिलं गरोदरपण. अकराव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके नाहीत. पिशवी साफ करायच्या आधी रक्त तपासलं तर एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, ५४ सेकंद, शेजारी कंट्रोल ३०. भूलतज्ज्ञ म्हणाले, हिचं रक्त गोठायला उशीर लागतोय, टेबलावर रक्तस्राव होईल. रात्री साडेनऊला नवरा आणि दीर प्लाझ्माच्या पिशव्यांसाठी रक्तपेढीत पळाले. दोन पिशव्या चढवल्या. रक्तस्राव काही झाला नाही. डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘ब्लीडिंग डिसऑर्डर?’ असं लिहून आलं, प्रश्नचिन्हासकट. ते प्रश्नचिन्ह पुढे कुणी काढलं नाही. वर्षभराने अक्कलदाढ काढायला गेले तर दातांच्या डॉक्टरांनी ते कार्ड वाचलं आणि हात जोडले. दाढ अजून तोंडात आहे.

ऑगस्ट २०२२. ताप, प्लेटलेट ९६ हजार. आमच्या गल्लीत तेव्हा घरोघर डेंग्यू. माझी टेस्ट निगेटिव्ह आली तरी ‘असणारच’ म्हणून पपईच्या पानांचा रस पाजला. (ज्यांनी प्यायलाय त्यांना चव सांगायला नको.) ताप गेला. प्लेटलेट त्यानंतर जेव्हा जेव्हा तपासल्या तेव्हा एक लाख दहा, एक लाख वीस. दीड लाख कधी झाल्याच नाहीत.

मार्च २०२३. दुसरं गरोदरपण. नाव नोंदवताना सगळ्यांच्या करतात त्या तपासण्या केल्या. व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह, १:४. काउंटरवरच्या मुलीने ते मोठ्याने वाचलं. शेजारी नवरा, मागे रांग. ही गुप्तरोगाची तपासणी असते हे मला तिथेच कळलं, आणि रांगेलाही. नवऱ्याची केली, निगेटिव्ह. मग संशय कुणावर जातो ते तुम्हीच समजून घ्या. माझी टीपीएचए नावाची पक्की टेस्ट पाठवली, ती चौथ्या दिवशी निगेटिव्ह आली. ते चार दिवस आमच्या घरात मिक्सरचा तेवढा आवाज होता. डॉक्टर म्हणाल्या, ‘येतं कधीकधी खोटं पॉझिटिव्ह.’ का येतं हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सुटले, एवढंच वाटलं. आता वाटतं तेव्हा विचारायला हवं होतं.

एकोणिसाव्या आठवड्यात बाळ गेलं. मुलगी होती. त्याबद्दल इथे नको.

ऑक्टोबर २०२४. सासरी घट बसतात. माझी तारीख नेमकी अष्टमीच्या आसपास. मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या, चिठ्ठी कुणी मागत नाही. मधे वणीला गडावर जाऊन आलो, ट्रॉलीला रांग होती म्हणून पायऱ्यांनी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डावी पोटरी दगडासारखी झाली. पायऱ्यांमुळे भरून आली असेल म्हणून मी आयोडेक्स चोळत बसले. तिसऱ्या दिवशी पाय मांडीपर्यंत सुजला, चप्पल जाईना. डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी) केला तर खोल शिरेत पोटरीपासून मांडीपर्यंत गुठळी.

ज्या बाईचं रक्त गोठत नाही म्हणून प्लाझ्मा चढवला, तिच्याच पायात रक्त गोठून बसलं.

चार दिवस ॲडमिट, पोटात हिपॅरिनची इंजेक्शनं, मग रक्त पातळ करायची गोळी, रिव्हारोक्साबान. मोठे डॉक्टर म्हणाले, ‘पाळीच्या गोळ्यांनी झालं. तीन महिने औषध, मग विषय संपला.’ पण तिथे रात्रपाळीला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दीड वाजता खुर्ची ओढून मला पहिल्यापासून सगळं विचारलं, आधीची दोन्ही गरोदरपणं, व्हीडीआरएल, प्लेटलेट. आणि स्वतःहून टेस्ट लिहिल्या. १५ ऑक्टोबरचा रिपोर्ट असा: अँटीकार्डिओलिपिन अँटीबॉडीचे दोन प्रकार, आयजीजी ५८ जीपीएल, आयजीएम नॉर्मल. एएनए (लुपससाठी करतात ती तपासणी) निगेटिव्ह. लुपस अँटिकोॲग्युलंटच्या पुढे ‘हिपॅरिन चालू असल्याने निष्कर्ष काढता येत नाही’. खाली पेनने ‘१२ आठवड्यांनी पुन्हा’. त्या बाई मला परत दिसल्या नाहीत, ड्यूटी बदलली होती.

आमच्यात ज्या नोंदीचा मेळ लागत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. पण वर्षअखेर ते खातं शून्यावर आणावं लागतं, नाहीतर ऑडिटर सही करत नाही. माझं सगळं सस्पेन्सला पडलंय आणि ऑडिटर कुणीच नाही.

१४ जानेवारीला तीन महिने पूर्ण, गोळी बंद करायला सांगितलीय. काहीजण म्हणतात बंद करून आठ दिवसांनी टेस्ट कर, स्वच्छ येईल. मला भीती वाटते. जाणकारांनी लिहा.

---

लॅबवाला_नाना
५ जानेवारी, सकाळी ७:०५

ताई, मी डॉक्टर नाही. नाशिकरोडला लॅबमध्ये २६ वर्षं झाली, टेक्निशियन आहे. औषधाचं मी बोलणार नाही. एकच सोडून: टेस्ट स्वच्छ यावी म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

तुमच्या दोन फायलींचं भांडण खरं तर भांडणच नाही. एपीटीटी आम्ही कशी करतो ते सांगतो, म्हणजे कळेल. रक्तातला लाल भाग खाली बसवून वरचं पिवळं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, घेतो. त्यात फॉस्फोलिपिड नावाचा चरबीचा पदार्थ आणि कॅल्शियम घालतो आणि किती सेकंदात गोठतं ते मोजतो. तुमच्या शरीरातल्या अँटीबॉडी नळीतल्या त्या फॉस्फोलिपिडलाच जाऊन चिकटतात. मग गोठायची क्रिया रेंगाळते, सेकंद वाढतात. नळीत उशीर, शरीरात मात्र त्याच अँटीबॉडी शिरेच्या अस्तराला आणि प्लेटलेटना चिथावतात आणि गुठळी होते. ‘लुपस अँटिकोॲग्युलंट’ हे नावच दुहेरी फसवं आहे. ती असलेल्या बऱ्याच जणांना लुपस नावाचा आजार नसतो, आणि ती शरीरात रक्त पातळ करत नाही.

एपीटीटी लांबली की पुढची पायरी मिक्सिंगची. पेशंटचा प्लाझ्मा आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा अर्धा अर्धा मिसळायचा. पेशंटमध्ये गोठवणारा एखादा घटक कमी असेल तर निरोगी प्लाझ्मा तो भरून काढतो, वेळ नॉर्मलला येते. पण आड येणारं काही असेल तर? नासलेल्या दुधात चांगलं दूध ओतलं तर चांगलंही नासतं. वेळ लांबच राहते. २०२१ला तुमचं मिक्सिंग झालं असतं तर त्या कार्डावर दुसरंच काही लिहिलं गेलं असतं. पण रात्री साडेनऊला पेशंट टेबलावर असताना मिक्सिंग कोण करतंय, हेही मला माहीत आहे.

व्हीडीआरएलचं कोडंही इथेच सुटतं. त्या टेस्टमध्ये जे रसायन वापरतो त्यात मुख्य घटक कार्डिओलिपिनच असतो. तुमच्या अँटीबॉडी कार्डिओलिपिनच्या विरुद्ध. टेस्टला काय कळणार कोण कुठून आलंय, ती दाखवते रिॲक्टिव्ह. टायटर, म्हणजे तो १:४ चा आकडा, कमी, टीपीएचए निगेटिव्ह, ही खोट्या पॉझिटिव्हची नेहमीची जोडी. चार दिवस कुणाचाच दोष नसताना गेले, वाईट वाटलं वाचून. काउंटरवर रिपोर्ट मोठ्याने वाचणारीला मी माझ्या लॅबमध्ये दुसऱ्या दिवशी ठेवली नसती.

आता कामाचं. टेस्ट तीन आहेत, तुमच्या दीडच झाल्या.

अँटीकार्डिओलिपिन आणि बीटा-टू ग्लायकोप्रोटीन-वन, दोन्हींच्या आयजीजी, आयजीएम. या अँटीबॉडी थेट मोजतात. गोळी, इंजेक्शन, काहीही चालू असलं तरी बिघडत नाही. मंगळवारनंतर कधीही द्या. शक्यतो ऑक्टोबरच्याच लॅबमध्ये द्या, नाहीतर आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

तिसरी लुपस अँटिकोॲग्युलंट. ही नाजूक. हिच्यात रक्त गोठायचा वेळ मोजतात, त्यामुळे गोठण्यावरची सगळी औषधं तिला चकवतात. रिव्हारोक्साबान तर जास्तच, नसलेली ‘आहे’ म्हणून दाखवते. डॉक्टर कधीकधी थोडे दिवस गोळीऐवजी पोटातल्या इंजेक्शनवर आणतात आणि पुढच्या डोसच्या आधी, म्हणजे शेवटच्या डोसनंतर किमान बारा तासांनी, सॅम्पल घ्यायला लावतात. ते डॉक्टरांनी ठरवायचं.

सॅम्पल देताना तुम्ही स्वतः बघायच्या गोष्टी: निळ्या बुचाची नळी, खुणेपर्यंत पूर्ण भरलेली. अर्धी भरली तर आतल्या सायट्रेटचं प्रमाण चुकतं. आणि सॅम्पल दोनदा सेंट्रीफ्यूज करायला सांगा. एकदा फिरवल्यावर प्लाझ्मात प्लेटलेट उरतात, त्यांच्या फॉस्फोलिपिडवर अँटीबॉडी खर्ची पडते आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. नाशिकमधलं बरंच असं काम मुंबईला जातं. तर प्लाझ्मा इथेच वेगळा करून गोठवून पाठवणार का, हे सुई टोचायच्या आधी विचारा. घरी येऊन सॅम्पल नेणाऱ्या पोराच्या बॅगेत दुपारभर फिरणाऱ्या नळीवर ही टेस्ट करू नका.

---

हरिओम_पंचवटी
५ जानेवारी, सकाळी ९:३०

ताई घाबरू नका. रक्त घट्ट होणे हा कफाचा विकार. अनशापोटी लसणाच्या सात पाकळ्या व अर्जुनसालीचा काढा, एक महिना. इंग्रजी गोळ्या हळूहळू बंद कराव्यात, त्याच मूळ आहेत. आमच्या शेजाऱ्यांचा अनुभव आहे.

---

लॅबवाला_नाना
५ जानेवारी, सकाळी ९:५२

हरिओमदादा, लसूण फोडणीत खा, कुणी अडवलंय. मांडीपर्यंत गुठळी असलेल्या बाईला गोळ्या बंद करायला सांगू नका. ती सुटून फुप्फुसात गेली तर तुमचे शेजारी येणार नाहीत.

---

बागाईतवाली
५ जानेवारी, दुपारी ३:१५

ताई, मी पिंपळगाव बसवंतची. मलाही हेच आहे, सात वर्षं झाली नाव कळून. तुमची पोस्ट वाचताना हातातली कात्री खाली ठेवली.

माझे तीन गेले. गावात म्हणायचे बाहेरचं आहे, सासूबाईंनी दोन ठिकाणी नारळ दिले. शेवटी नाशिकला एका बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी ओळखलं. मला गुठळी झाली नव्हती, नुसतेच गर्भ जात होते. चौथ्या वेळी पहिल्या महिन्यापासून बारीक ॲस्पिरिन आणि रोज पोटात हिपॅरिनचं इंजेक्शन. आधी नवरा टोचायचा, मग फवारणीचे दिवस आले की तो पहाटेच बागेत, तेव्हा मीच शिकले. पोट सगळं हिरवंनिळं व्हायचं. मुलगी आता साडेचार वर्षांची आहे, समोर बेदाणे चघळत बसलीय. हे तुम्हाला जळवायला सांगत नाही, ताई. नाव कळलं की रस्ता असतो, एवढ्यासाठी सांगते.

दाखवायचं कुणाला? मी सांधेवाल्यांकडे जाते, म्हणजे रूमॅटॉलॉजिस्ट. माझ्या नणंदेच्या जावेला रक्ताच्या डॉक्टरांनी बघितलं, हिमॅटॉलॉजिस्ट. दोघांचंही हे काम आहे. तुम्हाला गुठळी झालीय म्हणून आधी रक्ताचे बरे असं मला वाटतं. काही जण नाशिकला ठरावीक वारीच येतात, आधी फोन करून वार विचारा. जाताना फायलींचं गाठोडं नेऊ नका, कुणी उघडत नाही. एका कागदावर डावीकडे तारीख, उजवीकडे काय झालं ते. तुम्ही वर लिहिलंय तसंच लिहा. मूळ रिपोर्ट मागे टाचणीला.

दोन गोष्टी विचारते. थंडीत मांड्यांवर, पोटऱ्यांवर जांभळट जाळी उठते का, मासे पकडायच्या जाळ्यासारखी? आणि अर्धशिशी आहे का? मला दोन्ही होतं, डॉक्टरांनी पहिल्यांदा पाय बघितले तेव्हा म्हणाले, हे कधीपासून?

एक चूक सांगते, करू नका. बाळंतपणानंतर मला काही आठवडे वॉरफरिन या रक्त पातळ करायच्या गोळीवर ठेवलं होतं. बाळंतीण म्हणून आई रोज शेपू, नाहीतर मेथीची पालेभाजी करायची. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय तो आकडा, पार खाली १.४ वर आला. पालेभाजी सोडायची नसते, पण आज परातभर आणि उद्या काहीच नाही, असं चालत नाही. डॉक्टर म्हणाले, जेवढी खायची तेवढी रोज सारखी खा.

---

सिडकोची_खतावणी
५ जानेवारी, रात्री १०:२०

नाना, दुधाचं उदाहरण नवऱ्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, व्हीडीआरएलचं तेव्हाच कुणी असं सांगितलं असतं तर. मी म्हटलं, हो. यापुढे आम्ही त्या विषयावर बोललो नाही, पण आज चहा त्याने केला.

ताई, जाळी उठते! दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत. मी समजायचे शेगडीजवळ पाय घेऊन बसते म्हणून होतं. आज सकाळी, इथे काय गारठा आहे तुम्हाला माहीतच आहे, आंघोळीच्या आधी बघितलं, दोन्ही मांड्यांवर आहे. फोटो काढून ठेवला. आणि डोकं कॉलेजपासून दुखतं. अर्धशिशीला रोग मानायचं असतं हेच माहीत नव्हतं, आईचंही दुखायचं.

म्हणजे सस्पेन्स खात्यात अजून दोन नोंदी.

---

स्टेथो_सुट्टीवर
६ जानेवारी, रात्री ८:४५

मी फिजिशियन आहे, नाशिकला नाही. इंटरनेटवरून निदान करत नाही, पण तीन मुद्दे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिला, १४ तारखेचा. ‘पाळीच्या गोळ्यांनी झालं’ हे निम्मं खरं असू शकतं. त्या गोळ्यांनी काहींच्यात गुठळीचा धोका वाढतो, म्हणून पाय सुजण्याचा किंवा गर्भ जाण्याचा इतिहास असलेल्या बाईने त्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. पण ठिणगी गोळीची असली तरी खाली रॉकेल होतं का, हे न बघता तीन महिन्यांनी औषध थांबवणं मला पटत नाही. १४ च्या आधी कुणालातरी गाठा. तोपर्यंत गोळी चालू.

दुसरा, बारा आठवडे का. ताप, संसर्ग, काही औषधं यांनी या अँटीबॉडी तात्पुरत्या वर येतात आणि जातात. एकदा पॉझिटिव्ह म्हणजे काही सिद्ध होत नाही. २००६ च्या सिडनी निकषांपासून किमान १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा असा नियम पक्का झाला. कार्डिओलिपिनमध्ये ४० च्या वरचा आकडा महत्त्वाचा धरतात, तुमचा ५८ आहे. शिवाय तुमच्याकडे शिरेतली गुठळी आहे आणि दहा आठवड्यांनंतर गेलेली दोन गरोदरपणं. २०२३ मध्ये अमेरिका आणि युरोपच्या संधिवात संघटनांनी गुण मोजायची नवी पद्धत आणली, पण ती संशोधनात रुग्ण निवडायला आहे. ‘निकषात बसत नाही’ म्हणून कुणी परत पाठवलं तर नम्रपणे सांगा की निकष आणि निदान वेगळं.

तिसरा मुद्दा औषधाचा, हा तुमच्या डॉक्टरांशी बोला. तिन्ही टेस्ट पॉझिटिव्ह आल्या तर रिव्हारोक्साबान चांगलं समजत नाहीत. इटलीत तिन्ही पॉझिटिव्ह असलेल्या १२० रुग्णांवर रिव्हारोक्साबान विरुद्ध वॉरफरिन असा अभ्यास झाला, तो मधेच थांबवावा लागला, कारण रिव्हारोक्साबानच्या गटात पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके जास्त दिसले. २०१८ ला छापून आला. वॉरफरिन जुनं, कटकटीचं, सारख्या रक्ततपासण्यांचं, पण इथे तेच. बाळाचा विचार असेल तर आधी सांगा. वॉरफरिन गर्भाला घातक आहे, गरोदरपण कळताच इंजेक्शनवर यावं लागतं.

हा आजार लंडनच्या ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ ला मांडला. म्हणजे वैद्यकाच्या मानाने कालचाच. माझ्या एमबीबीएसच्या वर्गात यावर एक तास झाला असेल, तोही दुपारच्या जेवणानंतर.

---

कसारा_पास
६ जानेवारी, रात्री ९:३०

नाशिकला जमलं नाही तर मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, रक्ताच्या अशा आजारांचंच काम करते. पंचवटीने दादरला उतरा, पुढे टॅक्सी. पायात गुठळी होऊन गेलीय तर गाडीत पाय लोंबकळत ठेवून बसून राहू नका, इगतपुरीनंतर एकदा, कल्याणच्या आधी एकदा डब्यात फेरी मारा. भरपूर पाणी प्या. संडासच्या भीतीने बायका पाणी पीत नाहीत, माझी बायकोही नाही पीत.

---

सिडकोची_खतावणी
२३ फेब्रुवारी, सायंकाळी ६:१०

उशीर झाला. मधे जीएसटीची तारीख होती आणि नंतर लिहायला बसले की काय लिहावं सुचेना.

मुंबईला जावं लागलं नाही. रक्ताचे डॉक्टर नाशिकला वाराने येतात ते मिळाले, ९ जानेवारीला. बागाईतवाली ताईंचा एका कागदाचा सल्ला ऐकला. एक्सेलमध्येच केला, सवय. डॉक्टरांनी तो वाचला, बोट एपीटीटीच्या ओळीवर ठेवलं, मग व्हीडीआरएलवर, मग प्लेटलेटवर, आणि म्हणाले, ‘हे सगळं एकाच खात्यातलं आहे.’ त्यांना माझा धंदा माहीत नव्हता. मला हसू आलं आणि मग रडू आलं, दोन्ही त्यांच्यासमोरच.

गोळी बंद केली नाही. अँटीबॉडीसाठी रक्त त्याच दिवशी दिलं, ऑक्टोबरच्याच लॅबला. लुपस अँटिकोॲग्युलंटच्या टेस्टसाठी मला आठवडाभर इंजेक्शनवर आणलं आणि सकाळच्या डोसच्या आधी सॅम्पल. नाना, मी काउंटरवर विचारलं, दोनदा फिरवणार का, गोठवून पाठवणार का. तो मुलगा आत जाऊन त्याच्या सरांना घेऊन आला. सर म्हणाले, मॅडम तुम्ही कुठल्या लॅबला आहात? मी म्हटलं, अकाउंट्सला.

रिपोर्ट: कार्डिओलिपिन आयजीजी ६४, बीटा-टू आयजीजी ७१, लुपस अँटिकोॲग्युलंट आहे. मिक्सिंग दुरुस्त होत नाही, फॉस्फोलिपिड वाढवलं की दुरुस्त होतं. तिन्ही पॉझिटिव्ह.

तर नाव मिळालं. अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम, प्रायमरी, म्हणजे सोबत लुपस नाही. आनंद झाला असं लिहिलं तर विचित्र वाटेल, पण त्या रात्री मी आठ तास झोपले. औषध जन्मभराचं सांगितलंय. रिव्हारोक्साबान परत सुरू केलं नाही. वॉरफरिन चालू करून इंजेक्शन काही दिवस सोबत ठेवलं आणि आयएनआर दोनच्या वर टिकल्यावर ते थांबवलं. तो २ ते ३ मध्ये ठेवायचाय. पहिल्या आठवड्यात १.३, मग ३.४, मग २.२. आमच्या बँक रिकन्सिलिएशनपेक्षा वाईट. पालक, मेथी आठवड्यातून दोनदा, एक वाटी, मोजून.

बाळाचं डॉक्टर म्हणाले, सहा महिने आयएनआर स्थिर राहू दे, मग बोलू. आम्हीही घरात अजून बोललो नाही.

सासूबाईंना सांगितलं की पुढच्या नवरात्रात गोळी घेणार नाही, तारीख आली तर घटाला जाऊबाई पाणी घालतील. त्या म्हणाल्या, बरं. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

---

लॅबवाला_नाना
२३ फेब्रुवारी, रात्री ८:००

वा ताई. एक लक्षात ठेवा, आयएनआर नेहमी शिरेतून रक्त देऊनच करा. बोटाला टोचून सांगणारं घरगुती मशीन कुणी सुचवलं तर नको म्हणा, तुमच्या अँटीबॉडी त्या मशीनच्या पट्टीलाही चकवतात, आकडा खोटा जास्त दाखवू शकते. आणि ते २०२१ चं कार्ड? ते कुठे दाखवू नका आता.

---

सिडकोची_खतावणी
२३ फेब्रुवारी, रात्री ८:३५

टाकून नाही देता येत नाना, मूळ व्हाउचर आहे ते. पण डॉक्टरांनी त्याच्याखाली नवीन निदान लिहून सही-शिक्का दिलाय. तो घेऊन काल दातांच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी आमच्या डॉक्टरांना फोन लावला, दहा मिनिटं बोलले. आता म्हणतात गोळी बंद करायची नाही, फक्त आदल्या दिवशीचा आयएनआर हवा. गुरुवारी रक्त देतेय. तीनच्या आत आला तर शुक्रवारी सकाळी साडेदहाला दाढ.